मदतीसोबत गेलेला माणूस

स्मरणिकेसाठी लेख दे असं समितीने सांगितलं, तेव्हा मी आधी शाळेच्या आठवणीच लिहायला घेतल्या होत्या. पण घंटा, प्रार्थना, मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरं यांवर आपल्यातल्या दहाजणांनी तरी लिहिलं असणार, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं असणार. म्हणून मी एका परक्या माणसावर लिहितोय. त्याचा आपल्या शाळेशी काही संबंध नाही, आपल्या देशाशीही नाही. तो जो खेळ खेळायचा तो आपल्यापैकी बहुतेकांनी कधी धड पाहिलेलाही नाही. तरी गेल्या दिवाळीत आपल्या बॅचच्या ग्रुपवर जो वाद झाला, तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही.

वाद आपल्याला आठवत असेलच. सर आणि बाईंसाठी थोडक्यात सांगतो. शाळेच्या वाचनालयाच्या छपरासाठी निधी जमवायचं ठरलं होतं. ज्याने त्याने आपापली रक्कम ग्रुपवर लिहायची होती. आपल्यातला एकजण आज चांगला नावारूपाला आलेला आहे, पेपरात त्याचे फोटो येतात. त्याने आकडा लिहिला नाही. चार दिवस वाट पाहून मी सगळ्यांच्या देखत त्याला विचारलं की एवढं मिळवूनही ज्या शाळेने घडवलं तिच्यासाठी हात आखडता का. बऱ्याच जणांनी माझ्या मेसेजखाली अंगठ्याची चिन्हं टाकली. मग गाडी क्रिकेटपटूंवर आणि सिनेनटांवर घसरली. कोट्यवधी मिळवतात, पूर आला, दुष्काळ पडला की कुठे असतात हे लोक, वगैरे. दोन दिवसांनी तो ग्रुपमधून बाहेर पडला.

आता त्या परक्या माणसाकडे येतो.

नोकरीच्या निमित्ताने मी अडीच वर्षं अमेरिकेत पिट्सबर्गला होतो. जुनं पोलादाचं शहर, नद्या आणि पुलांचं. आपल्याकडच्या लोकांना ते तिथल्या वेंकटेश्वर मंदिरामुळे माहीत असतं. नदीवरच्या एका पिवळ्या पुलाला रॉबर्टो क्लेमेंटे याचं नाव आहे. पूल ओलांडला की बेसबॉलचं मैदान लागतं. त्या मैदानाची उजवीकडची भिंत बरोबर २१ फूट उंच आहे, कारण क्लेमेंटेच्या पाठीवर २१ नंबर असायचा. शहराने इतकं डोक्यावर घेतलेला खेळाडू म्हणजे तिथलाच कुणी गोरा असणार, असं मी धरून चाललो होतो. तो निघाला प्युर्टो रिको बेटावरचा, काळ्या वर्णाचा, घरी स्पॅनिश बोलणारा, उसाच्या मळ्यावरच्या मुकादमाचा मुलगा. एका जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत त्याचं संग्रहालय केलेलं आहे. तिथे मी दोनदा गेलो, आणि मग मिळेल ते वाचत सुटलो.

त्याचा जन्म १८ ऑगस्ट १९३४चा, कॅरोलिना गावातल्या सान अंतोन या वस्तीतला. भावंडांत शेंडेफळ. वडील मेल्चोर ऊस कारखान्याकडे मुकादम होते. आई लुईसा मळेवाल्यांचे कपडे धुवायची, मजुरांसाठी रांधायची. उपासमार नव्हती, पण हातात पैसा खुळखुळावा अशीही परिस्थिती नव्हती. त्याला सायकल हवी होती. वडिलांनी सांगितलं की कमव आणि घे. मग शेजाऱ्यांकडे दुधाचे जड कॅन वाहून, सुटे पैसे साठवून त्याने ती घेतली, आणि त्याला काही वर्षं लागली, असं त्याच्या घरचे सांगत. आपल्यातही पेपर टाकून सायकल घेतलेले दोघं-तिघं आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

शाळेत तो भालाफेकीत पुढे होता. पुढे त्याच्या उजव्या हाताची जी ख्याती झाली तिचं मूळ त्यात आहे असं म्हणतात. १८ वर्षांचा असताना बेटावरच्या सान्तुर्से संघाने त्याला आठवड्याला ४० डॉलरवर घेतलं. १९५४मध्ये ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाने करारापोटी १०,००० डॉलर आणि वर्षाला ५,००० डॉलर पगार देऊन त्याला उचललं, आणि माँट्रियलच्या दुय्यम संघात जवळपास दडवून ठेवलं. एवढी रक्कम देऊन घेतलेला खेळाडू मुख्य संघात ठेवला नाही, तर वर्षअखेरीस दुसरा संघ त्याला ठरावीक किमतीत उचलू शकत असे. त्या वर्षी तळाला राहिलेल्या पिट्सबर्ग पायरेट्सना पहिली निवड मिळाली आणि त्यांनी त्याला ४,००० डॉलरमध्ये नेलं. तिथे तो १९५५ ते १९७२ असे १८ हंगाम खेळला आणि दुसऱ्या संघाकडे कधी गेला नाही.

खेळाबद्दल थोडंच सांगतो, नाहीतर पीटीच्या सरांच्या तासाला झोपणारे इथेही झोपतील. बेसबॉलमध्ये फलंदाजाने हजार वेळा उभं राहून तीनशे वेळा नीट फटका मारून तळ गाठला तरी तो फार चांगला समजतात. क्लेमेंटेची अख्ख्या कारकिर्दीची सरासरी हजारात ३१७ अशी होती. फलंदाजीचा अव्वल मान त्याला चार वेळा मिळाला, क्षेत्ररक्षणाचा सोनेरी ग्लोव्हज् हा मान लागोपाठ १२ वर्षं. उजव्या कोपऱ्यातून, आपल्या हिशेबाने सीमारेषेवरून, तो चेंडू असा फेकायचा की पळणारा जागच्या जागी थबकावा.

पण सुरुवातीची वर्षं कौतुकाची नव्हती. फ्लॉरिडात सरावाला गेलं की गोरे खेळाडू हॉटेलात उतरत आणि काळ्या खेळाडूंना गावातल्या काळ्या कुटुंबांकडे राहावं लागे. प्रवासात बस हॉटेलाशी थांबली की गोरे आत जाऊन जेवत आणि काळ्यांसाठी कुणीतरी पुडकं बांधून आणे. क्लेमेंटेने ते पुडकं घेणं बंद केलं. भीक म्हणून आलेलं अन्न खायचं नाही, असं इतरांनाही बजावलं, आणि व्यवस्थापनाच्या मागे लागून काळ्या खेळाडूंसाठी वेगळी मोटार मिळवली. पेपरवाले त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी उच्चारासकट छापून हशा पिकवत. रॉबर्टो हे नाव असताना बॉब लिहीत. पाठ दुखते म्हणाला की ढोंग करतो असं लिहीत. तो तापट होता, मानी होता, पत्रकारांशी भांडायचा, आणि दुखण्यांबद्दल जरा जास्तच बोलायचा हेही खरं. इतरांच्या पाठी-मानेची मालीश मात्र हौसेने करायचा. निवृत्तीनंतर तोच व्यवसाय करायचं त्याच्या मनात होतं.

१९६०मध्ये पायरेट्सनी जागतिक मालिका जिंकली. सातही सामन्यांत क्लेमेंटेने फटके मारले, पण हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूसाठी पत्रकारांनी त्याला आठव्या क्रमांकावर ठेवलं. हा अपमान त्याने आयुष्यभर धरून ठेवला. १९६६मध्ये तो मान मिळाला. १९७१ची मालिका तर सगळ्या अमेरिकेने दूरदर्शनवर पाहिली. पुन्हा सातही सामन्यांत फटके, आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू तोच. विजयानंतर कॅमेऱ्यासमोर आला तेव्हा इंग्रजीत बोलण्याआधी तो आपल्या आईवडिलांशी स्पॅनिशमध्ये बोलला. ज्या भाषेवरून त्याची टिंगल झाली होती तिच्यातच. मला स्वतःला त्याच्या सगळ्या विक्रमांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते, पण ते असो.

तोवर त्याचा वार्षिक पगार लाख डॉलरच्या वर गेला होता. आजच्या खेळाडूंपुढे ती चिल्लर आहे, पण त्या काळात फार थोड्यांना मिळत असे. आता आपल्या ग्रुपवरच्या प्रश्नाकडे येतो. हा माणूस देत होता का?

देत होता, आणि बहुतेक वेळा कुणाला कळू न देता. संघ दुसऱ्या शहरात गेला की आजारी मुलांना भेटायला तो रुग्णालयात जायचा, पत्रकारांना बरोबर न घेता. हिवाळ्यात बेटावर परतला की गरीब मुलांना फुकट खेळ शिकवायचा. २४ जुलै १९७० रोजी पिट्सबर्गच्या नव्या मैदानावर त्याचा सत्कार झाला. त्या निमित्ताने जमणारा पैसा शहरातल्या मुलांच्या रुग्णालयाला द्यावा असं त्याने सुचवलं. प्युर्टो रिकोत मुलांसाठी एक क्रीडानगरी उभारायची हा त्याचा शेवटच्या वर्षांतला ध्यास होता. नावाचा उपयोग तो पैशाशिवायही करत असे. एप्रिल १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, तेव्हा त्यांच्या अंत्यसंस्काराआधी मैदानात उतरायला पायरेट्सच्या काळ्या खेळाडूंनी नकार दिला. त्यात क्लेमेंटे पुढे होता, आणि हंगामाची सुरुवात लांबणीवर पडली.

कर्तव्य आहे का, असं त्यालाच विचारलं असतं तर त्याने हो म्हटलं असतं. दुसऱ्याचं भलं करण्याची संधी हातात असताना जो करत नाही, तो इथे आपला वेळ फुकट घालवतो, अशा अर्थाचं त्याने जाहीरपणे सांगितलं होतं. पण मी जे जे वाचलं, त्यात त्याने दुसऱ्या एखाद्या खेळाडूचं नाव घेऊन, तू का देत नाहीस, असं विचारल्याचं मला कुठे सापडलं नाही.

३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याने कारकिर्दीतला ३,००० वा फटका मारला. तेवढेच. नियमित हंगामातला तो शेवटचा ठरला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये प्युर्टो रिकोच्या हौशी संघाचा व्यवस्थापक म्हणून तो मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात, मानाग्वा शहरात गेला. तिथे तो जवळपास तीन आठवडे राहिला. सकाळी सुट्या नाण्यांची पिशवी घेऊन रस्त्यावरच्या गरिबांना वाटत फिरायचा, असं सांगतात. अपघातात पाय गमावलेल्या एका मुलाला तिथे भेटला आणि त्याच्या कृत्रिम पायांचा खर्च उभा करायला त्याने मदत केली. डिसेंबरच्या सुरुवातीला तो घरी परतला.

२३ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर मानाग्वात भूकंप झाला. हजारो माणसं मेली, शहराचा मध्यभाग भुईसपाट झाला. दोन-अडीच आठवड्यांपूर्वी ज्या रस्त्यांवरून तो फिरला होता तेच रस्ते. सान हुआनमध्ये मदत समिती झाली, तिचं प्रमुखपद क्लेमेंटेने घेतलं. नाताळचे दिवस होते, तिकडे तो सगळ्यात मोठा सण. हा माणूस दूरदर्शनवरून लोकांना आवाहन करत होता, आणि दिवसभर शहराच्या बेसबॉल मैदानावर उभा राहून पोती, कपडे, औषधं गोळा करत होता. लोक रांगा लावून देत होते. नुसता धनादेश पाठवून तो मोकळा होऊ शकला असता. त्यालाही कुणी नावं ठेवली नसती.

पहिली तीन विमानं गेली. मग परत आलेल्या लोकांकडून त्याच्या कानावर आलं की निकाराग्वाचा सत्ताधीश सोमोसा याचे सैनिक मदत मध्येच अडवून आपल्या ताब्यात घेत आहेत, गरजूंपर्यंत ती पोचतच नाही. यावर क्लेमेंटेने ठरवलं की पुढच्या विमानातून आपण स्वतः जायचं. त्या देशात पोरसोर त्याला ओळखत होतं. त्याच्या डोळ्यांदेखत पोती पळवण्याची कुणाची हिंमत होणार नाही, हा त्याचा हिशेब.

इथे मी बराच काळ अडखळलो होतो. भूकंपग्रस्तांसाठी जीव धोक्यात घातला, एवढीच ही गोष्ट आहे असं मला आधी वाटायचं. पण तो गेला त्याला आणखी एक कारण होतं, आणि ते आपल्या वादाशी थेट भिडतं. ज्या बाईने आपल्या घरातलं दुधाच्या पावडरीचं डबडं आणून दिलं, तिने ते सोमोसाला दिलं नव्हतं आणि समितीलाही नव्हतं. तिने ते क्लेमेंटेला दिलं होतं. त्याने मागितलं म्हणून दिलं होतं. ते पोचलं की नाही याचा जाब ती बाई कुणाला विचारणार? त्यालाच. श्रीमंत आहे म्हणून त्याच्यावर काही कर्तव्य येतं का, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पैसा त्याचा, घाम त्याचा, कर भरलेला, आणि खेळाडूची कमाईची वर्षं मोजकी. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर तिकिटं काढून त्याला मोठं करणारे लोकही खोटे नाहीत. दोन्हीकडून बोलता येतं, आपण ग्रुपवर बोललोच. पण नावाच्या जोरावर लोकांकडून मागितल्यावर जे कर्तव्य येतं ते नाकारायला जागाच नाही, आणि क्लेमेंटेने ते नाकारलं नाही.

यात त्याचं काही चुकलं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. भाड्याने घेतलेलं डीसी-७ हे मालवाहू विमान जुनं होतं. त्याच महिन्यात त्याला धावपट्टीलगत एक अपघातही झालेला होता. पुरेसे जाणकार कर्मचारी नव्हते. वर माल इतका भरलेला की वजन मर्यादेपेक्षा सुमारे १,९०० किलो जास्त. हे सगळं त्याला ठाऊक होतं असं नाही, पण घाई होती आणि त्या घाईत विचारायचं राहून गेलं. ३१ डिसेंबरला दिवसभर उशीर होत होत विमान रात्री नऊनंतर उडालं आणि काही क्षणांतच किनाऱ्याजवळच्या समुद्रात कोसळलं. आत पाचजण होते. वैमानिकाचा मृतदेह मिळाला, क्लेमेंटेचा कधीच मिळाला नाही. तो ३८ वर्षांचा होता. पत्नी वेरा आणि सात, सहा आणि तीन वर्षांचे मुलगे मागे राहिले. त्या तीन पोरांचं देणं मोठं की मानाग्वाच्या पोरांचं, हा प्रश्न संग्रहालयात त्यांचे फोटो पाहताना माझ्या मनात आला होता. उत्तर मिळालं नाही.

त्या दिवशी टॉम वॉकर नावाचा एक तरुण गोलंदाज माल चढवायला मदत करत होता. त्याला बरोबर जायचं होतं. तू अविवाहित आहेस, नवीन वर्षाची रात्र साजरी कर, असं सांगून क्लेमेंटेने त्याला परत पाठवलं. त्याचा मुलगा नील पुढे पायरेट्सकडूनच खेळला. क्लेमेंटेचा जवळचा मित्र आणि संघातला यष्टिरक्षकासारखा खेळाडू मॅनी सँगियेन त्याच्या स्मरणार्थ झालेल्या प्रार्थनासभेला गेला नाही. त्या वेळी तो मित्राला शोधायला समुद्रात बुड्या मारत होता.

बेसबॉलच्या सन्माननीयांच्या दालनात नाव जाण्यासाठी निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. क्लेमेंटेसाठी हा नियम बाजूला ठेवला आणि १९७३मध्येच त्याला तिथे स्थान दिलं. लॅटिन अमेरिकेतला तो पहिला. समाजासाठी काम करणाऱ्या खेळाडूला दरवर्षी त्याच्या नावाने पुरस्कार देतात, आणि आज खेळाडू तो फार मानाचा समजतात. क्रीडानगरीसाठी सरकारने ३०४ एकर जमीन दिली, वेराने ती उभी केली. पुढे मोठे झालेले काही खेळाडू लहानपणी तिथे खेळले. नंतर पैशाअभावी तिची बरीच पडझड झाली. पुलाला नाव देणं सोपं असतं, संस्था चालवणं कठीण. शाळेच्या समितीवर काम केलेल्यांना हे माहीत आहे.

आता माझ्या मेसेजबद्दल. आपल्या त्या मित्राने कुणाला काय दिलं, काही दिलं की नाही, त्याच्या घरी काय परिस्थिती होती, यातलं मला त्या दिवशी काहीही माहीत नव्हतं. क्लेमेंटेलासुद्धा कुणी असं चारचौघांत विचारलं असतं तर रुग्णालयांतल्या भेटींची पावती तो कुठून दाखवणार होता? मी त्या मित्राला पत्र लिहिलं आहे. फोन करायचा धीर झाला नाही. उत्तर अजून आलेलं नाही. या मेळाव्याला तो येणार की नाही हे हा लेख छापायला देईपर्यंत कळलेलं नव्हतं. आला तर त्याच्याशेजारी बसायची माझी तयारी आहे, जुन्या बाकावर बसायचो तसं.

निधी मागणारा मी होतो, म्हणून त्याचा हिशेब ठेवायचं काम समितीकडून मी मागून घेतलं. छपराचे पत्रे आले आहेत, कपाटांचं काम अर्धं झालं आहे. जमा-खर्च याच स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर आहे. त्यात देणाऱ्यांची नावं छापली आहेत, नावापुढची रक्कम कुणाचीच छापलेली नाही. सगळ्या पावत्या एका फाइलमध्ये लावून मेळाव्याच्या दिवशी वाचनालयात टेबलावर ठेवणार आहे. ज्यांना बघायच्या असतील त्यांनी दहा ते पाच या वेळात यावं. मी तिथेच असेन.